फसलेला उद्रेक

प्रयोग फसला कीं वहींतील तें पान हळूच फाडून टाकावयाचें, अशी संवय आम्हां विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांस असते. ही संवय वाईट आहे, असें आमचें मत आहे. आणि त्या मतास साक्षीदार म्हणून आम्ही प्रत्यक्ष सूर्यासच बोलावतों.

सूर्याभोंवतींच्या प्रभामंडलाची उष्णता दहा लक्ष अंशांहून अधिक असते. त्यांत कांहीं ठिकाणीं सुमारें दहा हजार अंशांच्या, म्हणजे तेथील मानानें थंड व दाट, वायूचे लांबच लांब पट्टे अधांतरीं असतात. सूर्यबिंबावर ते काळ्या दोऱ्यांसारखे दिसतात, म्हणून त्यांस सौरतंतू म्हणूं. त्यांस तोलून धरतें तें चुंबकीय बल. त्याच्या रेषा सुंभासारख्या पिळलेल्या असतात. पीळ फार झाला, म्हणजे तंतू उसळी घेतो. कांहीं तंतू सूर्यास सोडून अवकाशांत निघून जातात. कांहीं मात्र वर चढतात, थबकतात, आणि त्यांतील द्रव्य पुन्हां खालीं ओघळतें.

असें कां व्हावें? सूर्याचें गुरुत्वाकर्षण त्यांस ओढीत असेल, असें सहज मनांत येतें. तें ओढतें खरें. परंतु मोठा अडसर निराळाच आहे. तंतूच्या माथ्यावर दुसऱ्या चुंबकरेषांच्या कमानी असतात. हें छप्पर उंचीबरोबर झपाट्यानें दुर्बळ होत गेलें, तर तंतू सुटतो. वरपर्यंत बळकट राहिलें, तर जोराची उसळीही अडते. म्हणजे सुटका केवळ उसळीच्या जोरावर ठरत नाहीं.

२७ मे २००२ रोजीं ‘ट्रेस’ नांवाच्या अवकाशयानानें असाच एक अडलेला तंतू टिपला. पुढें २००५ सालीं टोरोक व क्लीम या शास्त्रज्ञांनीं गणकयंत्रावर तशीच पिळलेली दोरी मांडली. ती तशीच वर चढली व तशीच अडली. छप्पर उंचीबरोबर लवकर विरळ होईल असें केल्यावर मात्र ती सुटून गेली. फसलेल्या उद्रेकाचीं चित्रें कोणीं टाकून दिलीं असतीं, तर हा ताळा कशाशीं पाहिला असता?

यांत केवळ कुतूहल नाहीं. १३ मार्च १९८९ रोजीं सूर्यावरून सुटलेल्या द्रव्यामुळें पृथ्वीवर चुंबकीय वादळ झालें, आणि कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत सुमारें साठ लक्ष लोक नऊ तास विजेवांचून राहिले. उलट ऑक्टोबर २०१४ मध्यें दोन तपांतील सर्वांत मोठा डागसमूह सूर्यावर दिसला. त्यानें सर्वोच्च वर्गाचे सहा स्फोट केले, पण त्यांपैकीं एकाबरोबरही द्रव्याचा लोट अवकाशांत सुटला नाहीं. प्रत्येक स्फोटास भिऊन “लांडगा आला” अशी हांक मारली, तर खरा लांडगा येईल त्या दिवशीं कोण ऐकेल? कोणता उद्रेक सुटेल हें सांगावयाचें, तर कोणता कां अडला हें आधीं कळलें पाहिजे.

म्हणून बंधुभगिनींनो, तें पान फाडूं नका. काय अडलें व कोठें अडलें, तें त्यावर लिहून ठेवा. आणि पालकांस नम्र विनंति कीं, प्रगतिपुस्तकांत लाल रेघ दिसतांच मुलाच्या अंगीं जोर नाहीं असें ठरवूं नये. त्याच्या माथ्यावर छप्पर कसलें आहे, तेंही एकदां पहावें.