चपला बाहेर, हात मात्र आत!

परवा एका नातलगांना बघायला रुग्णालयात गेले होते. अतिदक्षता विभागाच्या दारावर ठळक पाटी होती, ‘चपला बाहेर काढाव्यात.’ आम्ही निमूटपणे काढल्या. वाकून पट्टे सोडवले आणि त्याच हातांनी आत जाऊन रोग्याचे कपाळ कुरवाळले! हातांबद्दल पाटीवर अवाक्षर नव्हते.

रुग्णालयात एका दुखण्यासाठी दाखल व्हावे आणि तिथून दुसरेच दुखणे जडावे, असे अनेकदा घडते. सलाइनची सुई, लघवीची नळी, शस्त्रक्रियेची जखम या जंतूंच्या वाटाच. पण जंतूंना एका खाटेवरून दुसऱ्या खाटेपर्यंत नेते कोण? बहुतेक वेळा माणसाचे हात. व्हिएन्नाच्या डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ मध्येच क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने डॉक्टरांना हात धुवायला लावून बाळंतिणींचे मृत्यू कमी करून दाखवले होते. म्हणजे उपाय जुनाच. मग शिकलेसवरलेले डॉक्टर आणि परिचारिका हात का धूत नाहीत?

हा प्रश्न स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा विद्यापीठ रुग्णालयाच्या डॉ. दीदिए पित्ते यांनी मनावर घेतला. संसर्गजन्य रोग आणि रुग्णालयातील संसर्ग हाच त्यांचा विषय. १९९४ मध्ये तिथे पाहणी केली तेव्हा दाखल रुग्णांपैकी १६.९ टक्के जणांना रुग्णालयातच संसर्ग झालेला आढळला. म्हणजे सहांमागे एक! आणि हे जिनिव्हासारख्या श्रीमंत शहरात. कर्मचाऱ्यांवर नजर ठेवली, तर हात स्वच्छ करायला हवे होते अशा प्रसंगांपैकी निम्म्याहून कमी वेळाच ते केले गेले होते.

एखाद्या साहेबाने लगेच कडक परिपत्रक काढले असते. पित्ते यांनी हिशेब मांडला. अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे तासाला सुमारे २० वेळा हात स्वच्छ करण्याची वेळ येते. बेसिनपर्यंत जाणे, साबण लावणे, धुणे, पुसणे यांत मिनिट-दीड मिनिट सहज जाते. नियम तंतोतंत पाळायचा म्हटला, तर तासातला अर्धा तास नळाशीच! मग रुग्णाकडे बघायचे कधी? जिथे हात धुण्याची गरज सर्वांत जास्त, तिथेच ते सर्वांत कमी धुतले जात होते. दोष केवळ आळसाचा नव्हता, घड्याळाचाही होता.

म्हणून त्यांनी बेसिनच रुग्णाच्या खाटेशी आणले म्हणा ना! औषधनिर्माते विल्यम ग्रिफिथ्स यांनी तयार केलेले अल्कोहोलचे द्रावण खाटेजवळ आणि कर्मचाऱ्यांच्या खिशात ठेवले. वीस-तीस सेकंद हात चोळले की काम झाले. (हात उघड मळलेले असतील किंवा रक्त लागले असेल, तर मात्र साबण-पाणीच हवे.) जोडीला भिंतीभिंतींवर व्यंगचित्रांची गमतीदार पोस्टर्स लावली. १९९८ पर्यंत संसर्गाचे प्रमाण ९.९ टक्क्यांवर उतरले. हे निष्कर्ष २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एक मासलेवाईक नोंद आहे. परिचारिकांनी सवय बदलली, डॉक्टरमंडळी जवळजवळ होती तिथेच राहिली! आपल्याकडच्या वाचकांना याचे फारसे आश्चर्य वाटू नये.

पित्ते यांनी या द्रावणाचे पेटंट घेतले नाही. त्यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने द्रावणाची कृती सर्वांसाठी खुली केली. अल्कोहोल, थोडे ग्लिसरीन, किंचित हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पाणी. गरीब देशातल्या रुग्णालयाच्या औषध विभागालाही ते बनवता यावे, हा हेतू. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत सॅनिटायझरची बाटली घरोघर पोचली, त्यामागे ही कामगिरी आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. या वेळी चपला काढल्यावर दाराशी असलेल्या सिस्टरना विचारले, “हातांना लावायला काही आहे का हो?” त्यांनी ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यातून बाटली काढून दिली. “सगळ्यांनी असे मागितले तर बरे होईल,” त्या म्हणाल्या. मग क्षणभर थांबून हळूच म्हणाल्या, “मोठे डॉक्टर राउंडला आले की त्यांनाही विचाराल का? आमच्याने नाही होत.”

आमचे नातलग आणखी चार दिवस तिथे होते. तिसऱ्या दिवशी धीर करून मी विचारले. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा सिस्टरकडे, आणि हात पुढे केला.