रंगमंचासाठी भिंग कोणते घ्यावे?

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले की शाळाशाळांतून पडद्यांची, पोशाखांची आणि दिव्यांची चर्चा सुरू होते. छायाचित्रांचा विचार मात्र अगदी शेवटी आणि घाईने होतो. त्याचे फळ पुढे वार्षिकांच्या पानांवर दिसते. कोठे शिवाजीमहाराजांच्या भूमिकेतील मुलाचा चेहरा चुन्यासारखा पांढरा, तर कोठे लेझीम खेळणाऱ्या मुलींचे हात धुरासारखे विरलेले! महिनाभराच्या तालमींची एवढीच खूण मागे उरावी, ही गोष्ट आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. कॅमेरा चांगला असूनही असे घडते, याचे कारण बहुधा भिंगाची, म्हणजे व्यवहारात आपण जिला लेन्स म्हणतो तिची, निवड चुकलेली असते.

भिंग घ्यावयास गेलेला मनुष्य दुकानदारास पहिला प्रश्न विचारतो तो असा : “हे किती लांबचे दाखविते?” आमच्या मते रंगमंचापुरता हा प्रश्न दुय्यम होय. “हे किती उजेड आत घेते?” हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. भरवेलीत तरी हे पटवून देण्यास फार श्रम पडू नयेत. ज्या गावची माणसे मँगनीजच्या भुयारी खाणीत उतरतात, त्या गावास हे पुरते ठाऊक आहे की, दृष्टी कितीही तीक्ष्ण असली तरी माथ्यावरच्या दिव्यावाचून ती व्यर्थ आहे.

भिंगावर एफ अक्षरापुढे जो अंक कोरलेला असतो, त्यात या प्रश्नाचे उत्तर आहे. भिंगाच्या नाभीय अंतरास त्याच्या छिद्राच्या व्यासाने भागले असता हा अंक येतो. म्हणून अंक जितका लहान, तितके छिद्र मोठे. कॅमेऱ्याबरोबर सामान्यतः मिळणारे १८ ते ५५ मिलिमीटरचे झूम भिंग लांबच्या टोकास एफ ५.६ इतकेच उघडते. ५० मिलिमीटरचे साधे, एकाच नाभीय अंतराचे भिंग एफ १.८ पर्यंत उघडते. प्रकाश या अंकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात मिळतो. विद्यार्थिमित्रांनी हिशेब करून पाहावा : ५.६ ला १.८ ने भागून वर्ग केला की उत्तर ९ हून अधिक येते. तेव्हा जेथे पहिल्या भिंगास १/२५ सेकंद लागेल, तेथे दुसऱ्यास सुमारे १/२४० सेकंद पुरतो. १/२५ सेकंदात लेझीमचा हात चार बोटे तरी सहज सरकतो, आणि तेवढ्यावरच चित्र बिघडते. कॅमेऱ्याची संवेदनक्षमता वाढवूनही वेळ कमी करता येतो, हे खरे. तथापि फार वाढविल्यास चित्रात दाणे उमटतात आणि चेहऱ्याचा गोडवा जातो.

यावर कोणी म्हणेल, “मग फ्लॅश कशाला आहे?” आमचा फ्लॅशला स्पष्ट विरोध आहे. दिव्यांची योजना करणाऱ्याने संध्याकाळचा तांबूस प्रकाश मोठ्या कष्टाने रंगमंचावर आणलेला असतो. फ्लॅश तो एका क्षणात पुसून टाकतो. संवाद म्हणणाऱ्या मुलाचे डोळे दिपतात, तो पुढचे वाक्य विसरतो, आणि प्रेक्षकांचा रसभंग होतो तो निराळाच. चित्रासाठी नाटक मोडणे म्हणजे फुलासाठी झाड तोडणे होय.

मंद प्रकाशापुढे एके काळी छायाचित्रकारास हार मानावी लागे. बालगंधर्वांची स्त्रीभूमिकांतील छायाचित्रे आपण पाहतो. त्यांतील पुष्कळशी निश्चल उभे राहून वा बसून काढविलेली आहेत. शालू दिसतो, दागिने दिसतात. परंतु पद गाताना भरल्या नाट्यगृहात तो चेहरा कसा उजळत असेल, हे त्यांवरून कळत नाही. पुढे १९२० नंतरच्या दशकात जर्मनीतील ड्रेस्डेनच्या एर्नेमान कंपनीने एर्मानॉक्स नावाचा छोटा कॅमेरा काढला. त्याचे भिंग प्रथम एफ २ आणि पुढे एफ १.८ इतके उघडे होते. तो घेऊन एरिक झालोमोन या छायाचित्रकाराने १९२८ पासून न्यायालयांत आणि राजकीय परिषदांत, फ्लॅशवाचून, माणसे बोलता-ऐकताना टिपली. जे साधन त्या काळी अपूर्व ठरले, त्याच मापाचे भिंग आज भिंगांतील स्वस्तांपैकी एक आहे. अशा वेळी शाळेने आपला मोजका निधी लांबलचक, पण अंधारात आंधळ्या अशा झूम भिंगावर घालावा, हे आम्हांस शहाणपणाचे वाटत नाही.

आता अंतराचा विचार करू. शाळेत वापरले जाणारे बहुतेक कॅमेरे लहान संवेदकाचे असतात. त्याची रुंदी सुमारे २३.५ मिलिमीटर असते. त्यावर ५० मिलिमीटरचे भिंग लावले, तर ५ मीटरवरून सुमारे २.३५ मीटर रुंदीचा देखावा चौकटीत मावतो. दोघांचा संवाद टिपण्यास तेवढे पुरे. १० मीटरवरून तीच रुंदी ४.७ मीटर होते आणि समूहनृत्याचा मोठा भाग सामावतो. १० मीटरवरूनच एकट्या नटाचे उभे, पूर्णाकृती चित्र हवे असेल, तर ८५ मिलिमीटर, एफ १.८ हे भिंग उत्तम. एफ २.८ चे झूम भिंग या सर्वांची सोय एकट्याने करते. परंतु ते जड असते आणि त्याची किंमतही भारी असते.

उघड्या भिंगाचे दोष लपविण्याचे कारण नाही. ५ मीटरवरून एफ १.८ वर स्पष्टतेची खोली जेमतेम पाऊण मीटर असते. पुढचा नट रेखीव आला तर मागचा धूसर होतो. अशा वेळी ज्याचे वाक्य चालू आहे, त्याच्या डोळ्यांवर नेम धरावा. दुसरी अडचण अशी की, अशा भिंगाने जागेवरून दृश्य जवळ ओढता येत नाही. पण शाळेच्या रंगमंचाची मापे आपणांस आधीच ठाऊक असतात. रंगीत तालमीच्या दिवशी पायांनी अंतर मोजावे, जवळ जाऊन हवी तितकी चित्रे घ्यावीत, आणि प्रयोगाच्या रात्री एका जागी बसून राहावे. प्रेक्षकांपुढे येरझारा घालणारा छायाचित्रकार फ्लॅशइतकाच उपद्रवी असतो.

या विषयास आम्ही इतके महत्त्व का देतो, असे कोणी विचारील. बालाघाटजवळून वाहणारी वैनगंगा पुढे ज्या मुलखातून जाते, तेथे झाडीपट्टीची रंगभूमी नांदत आहे. दिवाळी सरली की दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक, असा तिकडचा परिपाठ. वडसा हे नाटकमंडळ्यांचे माहेरघर. त्या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा दूरच्या पुष्कळ लोकांनी झाडीपट्टीचे नाव प्रथमच ऐकले असेल. अशा खेळांत रात्रभर राबणारे, गाणारे, हसविणारे असंख्य नट पहाटे रंग पुसून घरी जातात. त्यांची मुद्रा, त्यांचा आवेश टिकवून ठेवील, असे चित्र त्याच दिव्यांच्या उजेडात आणि त्यांच्या कामात व्यत्यय न आणता घेतले पाहिजे. ते काम बाहेरचा कोणी येऊन करील, याची वाट का पाहावी? आपल्या मुलखातील मुलांनीच ते शिकावे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. शाळेने ५० मिलिमीटर, एफ १.८ असे एक भिंग घ्यावे, ते दोन-तीन विद्यार्थ्यांच्या स्वाधीन करावे, आणि फ्लॅश कपाटात कुलूपबंद ठेवावा. यंदाच्या संमेलनापासूनच हा प्रयोग व्हावा.