उभ्या गाडीचा श्वास

मोटार धांवत असतांना तिचे पुष्कळ दोष झांकून जातात. ती उभी राहिली, ॲक्सिलरेटरवरचा पाय निघाला आणि एंजिन केवळ स्वतःच्या बळावर फिरूं लागलें म्हणजे मात्र तिची खरी प्रकृति कळते. या चालीस कारागीर मंडळी 'आयडलिंग' म्हणतात. जुन्या चार सिलिंडरांच्या गाडीचें आयडलिंग मिनिटास सुमारें ७०० ते ८०० फेरे असावें. तें याहून बरेंच खालीं गेलें तर काय होतें, हें आमच्या घरच्या गाडीनें आम्हांस नुकतेंच शिकविलें. जुनी गाडी जपण्याची व तींत नव्या सोयी करून घेण्याची हौस इतर घरांतही असल्यामुळें तो धडा येथें देत आहों.

आमच्या तीर्थरूपांनीं १९८१ सालीं घेतलेली प्रीमियर पद्मिनी अद्यापि आमच्या दारीं आहे. गेल्या वर्षीं तरुण मंडळींच्या आग्रहावरून आम्हीं तींत दोन फेरफार करविले. एक, वातानुकूलनाचें यंत्र. दुसरा, ब्रेक हलका लागावा म्हणून व्हॅक्यूमचा बूस्टर. दोन महिने सर्व सुखाचें गेलें. पुढें सिग्नलपाशीं गाडी थरथरूं लागली आणि मधूनमधून बंदही पडूं लागली. जवळच्या मिस्त्रींनीं "काका, रेस कमी आहे, वाढवून देतों," असें म्हणून कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळला. आठवडाभर बरें वाटलें. असें तीन वेळां झालें. रेस कमी कां झाली, हें मिस्त्रींनीं सांगितलें नाहीं व आम्हीं विचारलें नाहीं. दोष आमचाही तितकाच होता.

एके दिवशीं साताऱ्याहून परततांना, जुना कात्रज घाट उतरून आल्यावर, पुढें एक ट्रक थांबलेला दिसला. आम्हीं क्लच दाबला, तों एंजिन बंद पडलें आणि ब्रेकचा पेडल दगडासारखा कठीण झाला. सर्व बळ लावून व हातब्रेक ओढून गाडी कशीबशी दोन हातांवर थांबली. मागें मातोश्री व दोन नातवंडें होतीं. सर्वजण सांवरल्यावर मातोश्री एवढेंच म्हणाल्या, "अरे, यंत्र बंद पडलें तें समजलें, पण ब्रेक कां लागेना?"

या एका प्रश्नांत सर्व निदान होतें. एंजिन मंद चालत असतांना कार्ब्युरेटरचें दार जवळजवळ मिटलेलें असतें, आणि आंतील पिस्टन हवा ओढीत असतात. त्यामुळें दाराच्या खालीं ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, उत्पन्न होतो. निरोगी एंजिनाचा हा व्हॅक्यूम समुद्रसपाटीस पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांपर्यंत स्थिर राहतो. दर हजार फूट उंचीस तो सुमारें एक इंच उतरतो, म्हणून पुण्यास दोनेक इंच कमीच धरावा. ब्रेकचा बूस्टर हीच ओढ उसनी घेतो. घेतलेली ओढ परत जाऊं नये म्हणून नळींत एकमार्गी झडप असते. ती शाबूत असल्यास एंजिन बंद पडल्यावरही एकदोन वेळां ब्रेक हलका लागतो. आमचा पहिल्याच दाबास कठीण झाला, अर्थात् झडपेपासून बूस्टरपर्यंत कोठें तरी गळती होती.

तीच गळती आयडलिंगही पाडीत होती. एक भार पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारें १४.७ भार हवा लागते, व तें प्रमाण कार्ब्युरेटर सांभाळतो. चोरवाटेनें शिरलेल्या हवेचा त्यास पत्ता नसतो. मिश्रण पातळ होतें आणि एंजिन अडखळतें. गाडी वेगांत असतां एंजिन इतकी हवा घेतें कीं ही चोरी त्यांत लपते. मंद चालींत तीच मोठी ठरते. शिवाय २०२५ सालीं पेट्रोलांत सरासरी २० टक्के इथेनॉल मिसळण्याची मजल देशानें गाठली. इथेनॉल स्वतःबरोबर प्राणवायु आणीत असल्यानें जुन्या कार्ब्युरेटरचें मिश्रण आधींच किंचित् पातळ झालेलें असतें.

दुसऱ्या एका अनुभवी कारागिरांनीं स्क्रूला हात न लावतां क्रमानें तपासणी केली. गाडी सपाटीवर, चाकांस अडणी, गिअर काढलेला. प्रथम एंजिन पुरतें गरम करून चोक मिटला नाहींना तें पाहिलें. नंतर प्लग व पॉइंट स्वच्छ करून त्यांचें अंतर पुस्तिकेबरहुकूम केलें. वातानुकूलन बंद ठेवूनही थरथर राहिली, म्हणजे केवळ त्याचा भार हें कारण नव्हे. मग बूस्टरची नळी एंजिनाजवळ फडकें गुंडाळलेल्या पकडीनें दाबली, आणि एंजिन एकदम १३०० फेऱ्यांवर भरारलें! तीन वेळां पिळलेल्या स्क्रूनें किती खोटें बोलून ठेवलें होतें, तें तेव्हां कळलें.

नळी पेट्रोलची साधी होती. व्हॅक्यूमची जाड नळी नव्हती. गरम भागास टेकून झडपेच्या पलीकडे ती चिरली होती. योग्य नळी व क्लिपा घातल्या, मिश्रणाचा स्क्रू जुळविला, आणि सर्वांत शेवटीं आयडलिंग ७५० वर आणलें. वातानुकूलन लावतांच तें ५५० वर येई. त्यासाठीं तें यंत्र चालूं होतांच कार्ब्युरेटरचें दार किंचित् उघडणारी लहानशी व्हॅक्यूमची डबी बसविली. बसविणारानें ती पहिल्याच दिवशीं द्यावयास हवी होती.

बूस्टरची परीक्षा मात्र प्रत्येकानें घरीं करावी. एंजिन बंद असतां पेडल चारपांच वेळां दाबावा, मग त्यावर पाय तसाच ठेवून एंजिन सुरू करावें. पेडल किंचित् खालीं गेला तर बूस्टर ठीक. न गेला तर गाडी बाहेर काढूं नये. तसेंच, चालत्या गरम एंजिनावर ज्वालाग्राही द्रव फवारून गळती शोधण्याची रीत घरीं करूं नये. साबणाचें पाणी तेंच काम करतें.

घरांत नवा खर्च वाढला म्हणजे तो कोणाच्या मिळकतींतून निघणार, हें आपण आधीं ठरवितों. गाडीस जोडलेली प्रत्येक सोय एंजिनाच्या श्वासांतून आपला वांटा घेते. तो किती व कोणत्या वाटेनें, हें बसवितांनाच विचारावें. आणि रेस वाढवून देतों असें कोणी म्हटल्यास ती कमी कां झाली, हा प्रश्न स्क्रू फिरण्यापूर्वीं करावा. आमच्या घरीं तो मातोश्रींनीं केला, म्हणून हा लेख लिहावयास आम्ही शाबूत आहों.