गोल्ड मेडल आणि हुर्यो

साराएव्हो १९८४, कॅल्गरी १९८८... दोन्हीकडे गोल्ड! पूर्व जर्मनीची कातारिना विट म्हणजे बर्फावरची राणीच. त्याच १९८८ च्या जूनमध्ये पूर्व बर्लिनमध्ये ब्रायन अ‍ॅडम्सची कॉन्सर्ट झाली. वेस्टर्न रॉकसाठी वेडी झालेली तरुण पोरं खूश राहावीत, म्हणून सरकारच्याच कृपेने! निवेदनाला कातारिना. ती स्टेजवर आली आणि पब्लिकने चक्क तिची हुर्यो उडवली. का? आम्ही भिंतीआड कोंडलेले आणि ही सरकारची लाडकी जगभर फिरणार? पुढे भिंत पडली, फायली उघडल्या. कळलं काय, तर स्टासीचे हेर लहानपणापासून तिच्याही मागावर होते! तेव्हा बॉसच्या लाडक्यावर जळताना जरा थांबा... त्याचीही फाइल कुठेतरी तयार होत असेल.