फुलाचा काय दोष?



फाल्गुन सरत आला, की आमच्या हदगावच्या पूर्वेस, किनवट-माहूरच्या रानात, मोहाची झाडे फुलू लागतात. पाने गळून उघड्या पडलेल्या फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस लटकतात. रात्री त्यांवर वटवाघळे येतात आणि पहाटेपासून टपोरी, पिवळसर पांढरी फुले टपटप खाली पडतात. गोंड, कोलाम, आंध इत्यादी समाजांतील बायामाणसे व मुले टोपल्या घेऊन ती वेचतात. हे फूल इतके गोड, की वाळल्यावर त्याच्या वजनाचा निम्मा किंवा त्याहूनही अधिक भाग साखरेचाच भरतो.

असे हे फूल. परंतु त्याचे नाव निघताच आपल्या तोंडी 'दारू' हाच शब्द येतो. हा न्याय नव्हे, असे माझे मत आहे. हे मत मला कोणत्याही ग्रंथाने दिलेले नाही. माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीने ते मला शिकविले.

या गोष्टीस आता तीस वर्षे होत आली. मी तेव्हा एका शाळेत मराठी शिकवीत असे. किनवटकडील एका खेड्यातला मुलगा मामाच्या घरी राहून आमच्या शाळेत शिकत होता. वार्षिक परीक्षा जवळ आली होती. एके दिवशी मधल्या सुटीत त्याने डबा उघडला. भाकरीवर काकवीसारखा काळसर, दाट पाक होता. शेजारच्या मुलाने वास घेतला आणि तो ओरडला, "अरे, हा शाळेत मोहाची दारू घेऊन आला!" मुले हसू लागली. गलका ऐकून मी तेथे गेलो. मी काही विचारले नाही, चाखून पाहिले नाही, डब्याचे झाकण लावले आणि म्हणालो, "हे पुन्हा शाळेत आणायचे नाही."

तो रडला नाही. डबा पिशवीत ठेवून तो मुकाट्याने वर्गात जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी त्याच्या मामाच्या घरी गेलो. त्याची आई गावाहून आली होती. तिने माझ्यापुढे एक वाटी ठेवली व ती म्हणाली, "आधी चाखून पाहा, गुरुजी, मग बोला."

मी चाखले. त्यात काकवीचा गोडवा होता, भिजवलेल्या मनुकांची चव होती आणि मोहाचा तो उग्र सुगंध होता. मद्याचा मात्र लवलेशही नव्हता. मला फार लाज वाटली. कालिदासाच्या 'कुमारसंभवा'त विवाहसमयी पार्वतीच्या केसांत दूर्वा व मधूकपुष्पांची माळ गुंफतात, हे मला ठाऊक होते. मधूक म्हणजेच मोह, हेही ठाऊक होते. काव्यातले फूल मी ओळखीत होतो; विद्यार्थ्याच्या डब्यातले मला ओळखता आले नाही!

त्या माउलीने मला पाकाची कृतीही सांगितली. पहाटे पडलेली ताजी, स्वच्छ फुले वेचावीत. आतले केसर काढून टाकून ती दोन-तीन पाण्यांनी धुवावीत. जाड बुडाच्या पातेल्यात फुले बुडतील इतके पाणी घालून ती मऊ होईपर्यंत शिजवावीत. मग फडक्यातून रस गाळून तो मंद आचेवर, सतत ढवळीत, मधासारखा दाट होईपर्यंत आटवावा. वरून साखर किंवा गूळ घालावा लागत नाही. निवल्यावर तो कोरड्या बरणीत भरावा. "मात्र हे सारे त्याच दिवशी उरकायचे," ती म्हणाली, "फूल थांबत नसते."

हे शेवटचे वाक्य ध्यानात घेण्याजोगे आहे. ओली फुले उन्हाळ्यात तशीच पडून राहिली, तर किण्व नावाचे सूक्ष्म जीव त्यांतील साखरेचे मद्यार्कात रूपांतर करू लागतात. उकळल्याने ते जीव मरतात, आणि रस दाट झाल्यावर त्यात नवे जीव सहसा वाढत नाहीत. म्हणजे पाकाची वाट व दारूची वाट एकाच टोपलीपासून निघते. कोणत्या वाटेने जावयाचे, हे माणूस ठरवितो, फूल नव्हे. द्राक्षांची दारू होते, गुळाचीही होते. म्हणून आपण मुलाच्या डब्यातली गूळपोळी कधी काढून घेतो काय?

यावर कोणी म्हणेल, "मोहाच्या दारूने कितीतरी संसार धुळीस मिळाले, ते विसरावयाचे काय?" मुळीच नाही. ते दुःख खरे आहे. आणि ते दुःख प्रथम त्या फुले वेचणाऱ्या मायबहिणींनीच सोसले आहे. परंतु दारूवरचा राग फुलावर काढल्याने काय झाले? इंग्रजी अमदानीत, 1892 साली, मुंबई इलाख्यात मोहाच्या फुलांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत ही फुले बाळगण्या-विकण्यावर बंधने आली. गरिबाच्या घरातले उन्हाळ्याचे अन्न संशयाची वस्तू ठरले. स्वातंत्र्यानंतरही फुलांवर निर्बंध राहिलेच. पुढे 2006 च्या वनहक्क कायद्याने वनात राहणाऱ्यांचा गौण वनोपजावरील हक्क मान्य केला, आणि 2021 साली महाराष्ट्र शासनाने मोहफुले गोळा करण्यावरील व साठविण्यावरील निर्बंध बरेच शिथिल केले. कायदा बदलला, आता आपली मने बदलावयाची आहेत.

दूरच्या कॅनडा देशात मेपल नावाच्या झाडाचा रस आटवून पाक करतात. सुमारे चाळीस लिटर रसापासून एक लिटर पाक मिळतो. ही विद्याही तेथील मूळ रहिवाशांचीच. आज तो पाक देशोदेशी जातो, आणि 1965 पासून त्या देशाच्या राष्ट्रध्वजावर मेपलचे पान आहे. तेथे जे अभिमानाने मिरविले जाते, तसेच काही आपल्याकडे एका मुलाला पिशवीत लपवावे लागले.

मोह वेचण्यात झाडाची काही हानी नाही. गळते ती फुलाची रसाळ पाकळी. फळ धरणारा भाग फांदीवरच राहतो, आणि पुढे त्या फळांतील बियांपासून तेल निघते. तथापि काही मर्यादा पाळल्याच पाहिजेत. वेचणे सोपे जावे म्हणून कित्येकजण झाडाखालचा पाचोळा पेटवितात आणि त्यातून वणवा लागतो; तसे न करता पाचोळा झाडून घ्यावा किंवा खाली जाळी पसरावी. अस्वले व हरणे यांनाही ही फुले प्रिय आहेत. त्यांचा वाटा त्यांना राहू द्यावा. मुलांनी पहाटे एकट्याने रानात जाऊ नये, आणि जाणत्या माणसाने ओळखून दिल्याखेरीज रानातले कोणतेही फूल तोंडात घालू नये.

आता त्या मुलाविषयी. मी वर्गापुढे माझी चूक कबूल केली. तो पुन्हा शाळेत येऊ लागला व परीक्षेतही उत्तीर्ण झाला. परंतु मोहाचा पाक मात्र त्याने पुन्हा कधीही डब्यात आणला नाही. मी ते झाकण एका क्षणात लावले होते; ते उघडणे मला अखेरपर्यंत साधले नाही.

म्हणून, मुलांनो, तुमच्याजवळ माझे एवढेच मागणे आहे. उद्या तुमच्या वर्गात कोणाच्या डब्यात तुम्हांला अपरिचित असा पदार्थ दिसला, तर हसू नका. "हे काय आहे? तुझी आई हे कसे करते?" असे विचारा, आणि त्याने देऊ केला, तर एक घास अवश्य खा.