पोट आणि पेन

दोस्तहो, उपाशी कवीचं कौतुक आता पुरे! अण्णा भाऊंची ‘फकिरा’ १९५९ साली आली, गाजली. १९६९ साली अण्णा भाऊ गरिबीतच गेले. ती गरिबी आपण मिरवतो! लाज वाटली पाहिजे.

आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरच्या नामदेव कांबळ्यांनी शाळेतली नोकरी सांभाळून लिहिलं; ‘राघववेळ’ला १९९५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पगार चालू असला की लेखणी गहाण पडत नाही.

मी वाशीमचा, मॅट्रिक, मुंबईच्या गोदीत हमाल. पाळी सुटली की रोज एक पान लिहितो. पाठ मोडते, पण काय लिहू हे कुण्या शेटला विचारत नाही.

तेव्हा कवींनो, काम सोडू नका, पान चुकवू नका. आणि वाचकांनो, मेल्यावर पुतळे नकोत. जितेपणी पुस्तक विकत घ्या!