दोर तुटल्यावरची धावपळ

बालाघाट समुद्रापासून शेकडो मैल दूर आहे. परंतु तेथील भरवेलीच्या भूमिगत मँगनीज खाणीत कामगारांना खाली सोडणारा पोलादी दोर जाणकाराने दररोज तपासावा व तशी नोंद करावी, असा खाण नियमांचा दंडक आहे. दोराच्या टोकाला माणसे असतात, म्हणून हा कडक बंदोबस्त.

आपल्या किनाऱ्यावरून मृत जहाजे ओढून नेणाऱ्या दोराची तपासणी कोण आणि केव्हा करतो? जून २०११ मध्ये कोलंबोहून अलंगच्या भंगारवाड्याकडे निघालेले ‘विस्डम’ हे निर्मनुष्य जहाज ओढणारा दोर मुंबईनजीक तुटला. जहाज वांद्रे-वरळी सागरी सेतूवर आदळते की काय, या धास्तीने यंत्रणांची धावपळ उडाली. अखेर ते जुहूच्या वाळूत रुतले, बघ्यांची जत्रा भरली आणि ते हलविण्यास सुमारे तीन आठवडे लागले. कोणाचा जीव गेला नाही, हे आपले नशीब. त्याचे श्रेय कोणा खात्याने घेऊ नये.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ही म्हण काथ्याच्या दोराची. आजचा नायलॉनचा दोर निराळ्या जातीचा आहे. तो ताणला की रबरासारखा लांबतो, लाटेचा हिसका पोटात घेतो. पण तुटला तर साठवलेल्या साऱ्या जोराने उलटा फिरतो आणि वाटेतल्या खलाशाचे पाय तोडतो. ऊन त्याला कुजवते, जहाजाच्या लोखंडी कडेवरचे घर्षण त्याला आतून-बाहेरून खाते. वरून धडधाकट दिसणारा दोर निम्म्या ताकदीचा असू शकतो, हे बंदरावरचा कोणताही जुना तांडेल सांगेल. त्यात पावसाळ्याच्या तोंडावरचा समुद्र! कांदोळीकरांना तर जून २००० मध्ये नांगर न धरल्याने रुतलेली ‘रिव्हर प्रिन्सेस’ दशकभराहून अधिक काळ उशाशी बाळगावी लागली.

ओढकामास परवानगी द्यायची तर दोराचे वय, त्याची शेवटची तपासणी आणि तपासणाऱ्याची सही आधी पाहिली गेली पाहिजे, आणि हे कागद किनाऱ्यावरील मच्छीमार संस्थांनाही पाहावयास मिळाले पाहिजेत. शिवाय जून ते सप्टेंबर या काळात निर्मनुष्य जहाज एकाच टगच्या भरवशावर आपल्या किनाऱ्यालगत आणूच देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. जहाजमालकांचा खर्च त्याने वाढेल. तो त्यांनी सोसावा. रुतलेले जहाज काढण्याचा खर्च आजवर जनतेने पुष्कळ सोसला आहे.